सिस्टरची हातावरची गाडी

सिस्टरने बेकरीवाल्या आजींचं फाटक पाडलं तेव्हा गाडीला माणसाच्या चालण्याइतकाही वेग नव्हता. गाडी लावायला म्हणून ती फाटकासमोर वळली, ब्रेकवर पाय ठेवलाय असं तिला वाटलं, आणि गाडी थांबायच्या ऐवजी सावकाश पुढे गेली. लाकडी फाटक बिजागऱ्यांसकट अंगणात आडवं झालं. आजी खिडकीतच बसल्या होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "दार उघडंच आहे आता."

सिस्टर हसली नाही. आत गेली, हात धुतले, आजींच्या पायाची जखम साफ केली, नवी पट्टी बांधली. हात नेहमीसारखे स्थिर होते. सगळं आवरल्यावर मात्र ती पायरीवर बसली, बूट काढला आणि आपल्याच तळव्यावर बोट दाबून पाहिलं. मग नख रोवून पाहिलं. काही नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या पाठीच्या मणक्यातली गादी सरकली होती आणि नसा दाबल्या गेल्या होत्या. ऑपरेशन झालं, ती उठली, चालायला लागली. घोट्याखालचे दोन्ही पाय मात्र परत आलेच नाहीत. बुटात आधाराच्या पट्ट्या घालून ती चालायची आणि बघणाऱ्याला फारसं कळायचंही नाही. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, गाडी जपून चालवा. तिने मान डोलावली होती. नर्स लोकांना डॉक्टरांसमोर मान डोलवायची सवयच असते.

"फाटक कुजलंच होतं," आजी आतून म्हणाल्या. "मी कुणाला सांगणार नाही."

"आजी, आज फाटक होतं. उद्या फाटकाच्या जागी कोणी उभं असेल."

तिने नवऱ्याला फोन केला. तो मोजणी खात्यात नकाशे काढायचा. गावातला एकूण एक रस्ता त्याच्या हाताखालून गेलेला, पण स्टिअरिंग हातात घ्यायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. तो बसने आला. गाडी तिथेच ठेवून दोघं बसनेच घरी गेली. वाटेत तो एकदाच बोलला. "बरं झालं, तू स्वतःच थांबलीस."

दुसऱ्या दिवशी सिस्टरने ऑफिसात स्वतःहून सगळं सांगितलं. बावीस वर्षं ती घरोघरी फिरणारी नर्स होती. कुणाची पट्टी, कुणाचं इंजेक्शन, कुणाच्या बाळाचं वजन, रोजची चौदा घरं. तिची घरं दुसरीकडे गेली आणि तिच्या वाट्याला फोनचं टेबल आलं. आठ महिने ती त्या टेबलाशी बसली. काम हलकं होतं, खुर्ची चांगली होती, आणि ती दिवसेंदिवस चिडचिडी होत गेली. "फोनवर जखम दिसत नाही," ती घरी म्हणायची. "लोक बरं आहे म्हणतात. बरं नसतं."

तिचा धाकटा दीर लेथवर काम करायचा, पंप दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात. घरात त्याला सगळे मिलीमीटर म्हणत, कारण भिंतीला खिळा मारायचा असला तरी तो आधी खिशातून मोजपट्टी काढायचा. एका रविवारी तो गुंडाळलेला कागद घेऊन आला आणि जेवणाच्या टेबलावर पसरून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या.

"वहिनी, पाय ऐकत नाहीत ना, नसू देत. हात ऐकतात."

कागदावर एक दांडा काढलेला होता. स्टिअरिंगच्या खालून निघणारा, हाताशी येणारा. पुढे ढकलला की पोलादी सळई ब्रेकचं पेडल दाबणार. आपल्याकडे ओढला की एक तार एक्सिलरेटर खेचणार. एक हात दांड्यावर, एक स्टिअरिंगवर, पायांना सुट्टी.

"पण क्लच?"

"क्लच नसलेली गाडी बघून ठेवलीय. म्हातारी आहे, पण दणकट आहे."

दांडा तयार व्हायला दीड महिना लागला. परवाना देणाऱ्या ऑफिसातला साहेब गाडीखाली वाकला, प्रत्येक जोड हाताने हलवून पाहिला आणि कोणी केलं म्हणून विचारलं. मिलीमीटर पुढे झाला. साहेब म्हणाला, "जोड चांगला आहे," आणि सही केली. सिस्टर पहिल्या परीक्षेत नापास झाली, दुसऱ्या वेळी पास. तिची घरं तिला परत मिळाली. आजींच्या घरी नवं फाटक बसलं होतं. लोखंडी. "तुझ्यासाठीच," आजी म्हणाल्या.

त्या म्हाताऱ्या गाडीने सिस्टरला चार वर्षं साथ दिली. दोन गोष्टींचा मात्र जाच होता. पहिला मनगटाचा. तारेला स्प्रिंग, सळईला वजन, आणि दिवसभर ओढा नि ढकला. संध्याकाळी तिला कपात चमचा फिरवणंसुद्धा जड जायचं. दुसरा जाच चढाचा होता. पाण्याच्या टाकीकडे जाणारा रस्ता चांगलाच उभा, आणि त्याच्या बरोबर मध्यावर सिग्नल. तिथे थांबायचं म्हणजे एका हाताने स्टिअरिंग धरायचं आणि दुसऱ्याने दांडा पुढे रेटून ठेवायचा. निघायचं म्हणजे तोच दांडा मागे ओढायचा, आणि त्या मधल्या क्षणात गाडी मागे घसरणार. हँडब्रेक ओढून धरावा तर तिसरा हात पाहिजे.

"हातब्रेक म्हणे," ती मिलीमीटरला म्हणाली होती. "ज्याचे दोन्ही हात गुंतलेत त्याने काय दातांनी ओढायचा?"

ते ऐकून मिलीमीटर आठवडाभर कमी जेवला. ती मग स्टिअरिंग सोडून हँडब्रेक धरायची आणि जीव मुठीत घेऊन चढ चढायची. एकदा गाडी घसरली ती घसरलीच. मागे मुलांनी भरलेली शाळेची बस होती. बसवाल्याने हॉर्न दाबून धरला. सिस्टरने दांड्यावर सगळं अंग टाकलं आणि गाडी थांबली. बसवाला तणतणत उतरला, खिडकीशी आला, त्याने तो दांडा पाहिला, तिचे पेडलपासून लांब ठेवलेले पाय पाहिले. तो परत गेला आणि त्याने बस दहा हात मागे घेतली. नंतर सिस्टरने खाली उतरून बघितलं, तेव्हा टायरच्या खुणांवरून कळलं की दोन्ही गाड्यांच्या मध्ये वीतभरही अंतर उरलं नसेल.

त्या दिवसापासून तिने तो रस्ता सोडला. टाकीपलीकडच्या घरांना ती मोठा वळसा घालून जायची, अकरा किलोमीटर जास्त. कुणी विचारलं तर म्हणायची, त्या बाजूला झाडं छान आहेत.

मग म्हाताऱ्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. सुटे भाग मिळेनात. ऑफिस म्हणालं, आम्ही नवी गाडी देतो, हाताने चालवायचं जे काही लागेल ते बसवून घ्या. नवी गाडी दाराशी आली तसा मिलीमीटर टॉर्च घेऊन पेडलांपाशी उलटा शिरला. पाय बाहेर, डोकं आत. वीस मिनिटं तो तसाच होता. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून सिस्टरला वाटलं, आत कोणी तरी वारलंय.

"वहिनी, तार नाही."

"कसली तार?"

"एक्सिलरेटरची. पेडलला तारच नाही. वर एक डबी आहे आणि तिच्यातून सहा बारीक वायरी निघतात. बस." त्याने हात पुसले. "आणि हँडब्रेकच्या जागी बटण आहे. बटण म्हणजे दाराची बेल. वाजली तर वाजली."

सिस्टरलाही ते पटेना. तार तिला समजायची. तार सैल झाली की हाताला कळायचं, कुरकुरली की कानाला कळायचं. मिलीमीटर तेलाचे दोन थेंब सोडायचा आणि विषय संपायचा. या डबीशी बोलायचं कसं? तिने ऑफिसला विचारून पाहिलं, जुनी गाडीच दुरुस्त होणार नाही का? ऑफिसने एक पत्ता दिला.

त्या पत्त्यावर एका बाईंची कार्यशाळा होती. त्या अशाच लोकांच्या गाड्या करून द्यायच्या, कुणाला हात नाही, कुणाला पाय. आधी त्या कानाची यंत्रं दुरुस्त करत. भिंतीवर पाने-स्क्रूड्रायव्हर ओळीने टांगलेले होते आणि टेबलावर लॅपटॉप उघडा होता. मिलीमीटरने पान्यांकडे पाहून मान डोलावली आणि लॅपटॉपकडे पाहून ती तिथेच थांबवली.

बाईंनी सिस्टरचं मनगट हातात घेऊन फिरवून पाहिलं. "किती दुखतं?"

"संध्याकाळी जास्त."

"मग दांडा ओढणं बंद. स्टिअरिंगच्या आतून एक कडं बसवते. अंगठ्याने हलकं दाबायचं, तेवढ्याने गाडी पळेल. पेडलची डबी इंजिनाला जो निरोप देते तोच निरोप हे कडं देईल."

"आणि ब्रेक?" मिलीमीटर मध्येच बोलला. त्याचा आवाज चढलेला होता. "ब्रेकलाही अंगठाच का? तसं असेल तर नको आम्हाला. ब्रेकला पोलाद पाहिजे. हाताने ढकललं की पेडल दबलं पाहिजे, मधे कोणाचा निरोप नको."

"मीही तेच सांगणार होते," बाई म्हणाल्या. "ब्रेकला मी सळईच लावते."

मिलीमीटर भांडायच्या तयारीने आला होता, आणि समोरचा माणूस आधीच आपल्या बाजूला निघाला की जसं होतं तसं त्याचं झालं. थोडा वेळ तो इकडेतिकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सळई मी करू का? माझ्याकडे वहिनींच्या हाताची मापं आहेत."

"करा. मापं मिलीमीटरमध्ये द्या."

सिस्टरला खोकल्याची उबळ आली ती खरी की खोटी, कोण जाणे.

पंधरा दिवसांनी बाजाराच्या मोकळ्या आवारात, बाजार बंद असताना, चाचणी झाली. मिलीमीटरचा अजूनही विश्वास बसला नव्हता. त्याने सिस्टरला सावकाश गाडी चालवायला लावली आणि मग चालत्या गाडीत इंजिन बंद करायला सांगितलं. बाई बाजूला हाताची घडी घालून उभ्या होत्या. इंजिन बंद झालं. सिस्टरने ब्रेकचा दांडा पुढे रेटला. पहिल्या दोन वेळा नेहमीसारखा गेला, तिसऱ्या वेळी, बंद इंजिनाची मदत संपल्यावर, चांगलाच जड लागला, पण गाडी थांबली. त्याने तेच आणखी चारदा करवलं. मग म्हणाला, "ठीक आहे." त्याच्या तोंडून ठीक आहे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून टाळ्या.

तिथून बाईंनी तिला गाडी पाण्याच्या टाकीच्या रस्त्यावर न्यायला सांगितलं. सिस्टर म्हणाली, "तिकडेच कशाला? इथे दुसरे रस्ते नाहीत का?"

"तुमचे दीर म्हणाले, तुम्ही तो टाळता म्हणून."

सिग्नल नेमका लाल झाला. चढाच्या मध्यावर, मागे तीन गाड्या. तिने दांडा रेटून गाडी थांबवली. समोरच्या काचेखाली एक छोटा हिरवा दिवा लागला.

"आता दांडा सोडा," शेजारून बाई म्हणाल्या.

"सोडू?"

"सोडा. गाडीने ब्रेक धरून ठेवलाय. तुम्ही कडं दाबेपर्यंत ती सोडणार नाही."

सिस्टरने बोटं एक एक करून उचलली. गाडी जागची हलली नाही. तिने आरशात पाहिलं, मागची गाडी होती तिथेच होती. दोन्ही हात मोकळे होते. आता त्यांचं काय करायचं ते तिला सुचेना. मग चार वर्षांत त्या चढावर पहिल्यांदाच तिने निवांतपणे नाक खाजवलं. सिग्नल हिरवा झाला, अंगठ्याने कडं दाबलं, गाडी मागे तीळभरही न सरकता वर निघाली. मागच्या सीटवर मिलीमीटरने एक लांब श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला.

घरी आल्यावर ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "आपले अकरा किलोमीटर वाचले." त्याने भिंतीवरच्या नकाशात तिने घातलेल्या वळशाची पेन्सिलची रेघ खोडरबराने पुसून टाकली.

पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. आत कुठेतरी तिला वाटतच होतं, ही डबी एक दिवस दगा देणार. आणि तिसऱ्या आठवड्यात तो दिवस आला.

सकाळी दहाची वेळ होती. ती नदीवरच्या मोठ्या पुलावर होती, पुढे मालट्रक, मागे गाड्यांची रांग. अचानक टिंग असा आवाज झाला, एक पिवळा दिवा लागला, आणि तिने कडं कितीही दाबलं तरी गाडी जोर घेईना. वेग उतरत उतरत सायकलएवढा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. तिच्या मनात एकच गोष्ट आली, आता ही आपणहून पळाली तर? तिने ब्रेकचा दांडा थोडा पुढे केला. पोलाद हाताला लागलं, गाडी आणखी हळू झाली. सोडला, गाडी पुन्हा रांगायला लागली. पळाली नाही. तिने चारी दिवे लुकलुकते ठेवले आणि तशीच रांगत रांगत पूल ओलांडून पेट्रोल पंपाच्या कडेला येऊन थांबली. बटण दाबलं. गाडी जागेवर बसली.

मग तिने आधी ज्या घरी जायचं होतं तिथे फोन करून अर्धा तास उशीर होईल म्हणून सांगितलं. मग मिलीमीटरला.

मिलीमीटर कारखान्यातून तसाच आला, अंगात निळा डगला, हाताला ग्रीस. बाईंना फोन लावून, तो कानाशी धरून पुन्हा पेडलांपाशी उलटा शिरला. बाहेर सिस्टरला एकीकडचंच बोलणं ऐकू येत होतं. "हो, काळा प्लग... हो, त्याच्या खाली... नाही, टकटक आवाज येत नाही... थांबा." मग बराच वेळ काहीच नाही. मग कट असा बारीक आवाज.

तो बाहेर आला आणि पंपाच्या कठड्यावर बसला. मान वर करेना.

"भाऊजी, काय झालं?"

"रविवारी मी सळई धरणारा पट्टा चार मिलीमीटर सरकवला होता ना. तुमच्या कोपराला लागतो म्हणालात म्हणून. तो कड्याच्या वायरीच्या प्लगला घासत होता. प्लग सुटत आला होता." त्याने ग्रीसचे हात गुडघ्यांवर ठेवले. "वहिनी, माझ्याच हातचं आहे हे. डबीचा काही दोष नाही. मी तुम्हाला पुलावर..."

सिस्टरने त्याला एवढं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिने त्याच्या हातातून फोन घेतला. बाई अजून लाइनवर होत्या.

"मला एक सांगा," सिस्टर म्हणाली. "प्लग सुटला तर गाडी पळाली का नाही? नुसती हळू का झाली?"

"कारण पेडलच्या डबीसारखेच कड्यातही दोन मोजणारे असतात," बाई म्हणाल्या. "अंगठा किती दाबलाय ते दोघं वेगवेगळं सांगतात. दोघांचं उत्तर जुळलं तरच गाडी ऐकते. जुळलं नाही की जोर काढून घेते आणि रांगत रस्त्याच्या कडेला जाऊ देते."

हे सिस्टरला माहीत होतं. वॉर्डात होती तेव्हापासून माहीत होतं. जोखमीचं औषध असलं की दोन नर्सनी वेगवेगळं मोजायचं, आकडा जुळला तरच सुई टोचायची. नाही जुळला तर रुग्ण ओरडू दे, नातेवाईक ओरडू देत, हात मागे घ्यायचा. मागून हॉर्न वाजवणारे तिथेही असतच.

"मग ती शहाणी आहे," ती म्हणाली.

"शहाणी नाही. घाबरट आहे," बाई म्हणाल्या. "पण अशा वेळी घाबरटच बरी."

सिस्टरचा जीव भांड्यात पडला. पुलावर काही झालं नाही म्हणून पडला, आणि त्याहून जास्त यासाठी की इतके दिवस जिला ती परकी समजत होती तिची रीत आपल्याच घरातली निघाली. ती मिलीमीटरजवळ कठड्यावर बसली.

"भाऊजी, मला सांगा, पुलावर मी गाडी कशाने आवरली?"

तो बोटांवरचं ग्रीस पुसत राहिला.

"तुमच्या सळईने. हाताला पोलाद लागलं तेव्हा माझी छाती धडधडायची थांबली. आता उठा. आणि पुढच्या वेळी चार मिलीमीटर सरकवायचं असेल तर बाईंना विचारून सरकवा."

"विचारीन," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "माझं एक मोजमाप, त्यांचं एक. जुळलं तरच हात लावीन."

अर्ध्या तासाचा उशीर सांगितला होता, सिस्टर पंचवीस मिनिटांत पोचली. त्या घरी नव्या आईला वाटत होतं की बाळ दूध नीट पीत नाही. सिस्टरने बाळाला काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला, बाळ उचललं आणि पुन्हा ठेवून पुन्हा पाहिला. वजन वाढलं होतं. आई रडायला लागली आणि सिस्टरने तिला रडू दिलं.

त्याच शनिवारी मिलीमीटर स्वतःच्या पायांनी बाईंच्या कार्यशाळेत गेला आणि आपली चूक सांगितली. बोलणी खायची त्याची तयारी होती. बाईंनी त्याला प्लगपासून सळई किती लांब हवी ते दाखवलं, मग कोपऱ्यात पडलेल्या दोन गाड्या दाखवल्या, ज्यांच्या सळया कोणाला मनासारख्या जमत नव्हत्या. तेव्हापासून शनिवारी तो तिथे असतो. वायरींना हात लावत नाही. पण कोणती वायर कशाची, ते मात्र आता त्याला पाठ आहे, आणि पाहुणे आले की तो ते न विचारता सांगतो.

सिस्टरचं मनगट तीन महिन्यांत बरंच सुधारलं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, तुम्ही व्यायाम नेमाने केला असेल. तिने मान डोलावली. ऑफिसने चौदाची सोळा घरं केली, वाढलेली दोन्ही टाकीपलीकडची. कागद समोर ठेवताना तिच्या ऑफिसातला साहेब जरा चाचरत होता. जमेल का, असं त्याने दोनदा विचारलं. तिने पत्ते वाचले, रस्ता मनात लावला, आणि म्हणाली, "द्या की. सकाळी लवकर निघेन."